ब्रिस्टल ते बाथ : व्हीलचेअरवरून पार करता येणारी २१ किलोमीटरची पायवाट

अजिंक्यतारा

माझी आई गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून साडेचार महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला आली होती. संधिवाताने तिचे दोन्ही गुडघे निकामी झाले असून गेली तीन वर्षे ती व्हीलचेअर वापरते. साताऱ्यात ती घराबाहेर पडते ती बहुधा दवाखान्यात जाण्यापुरतीच, कारण आमच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत, त्यापुढे गटारावरच्या हलत्या फरशा आहेत आणि त्यानंतरच्या रस्त्याला पदपथच नाही; त्यामुळे प्रत्येक वेळी दोघांनी मिळून तिला खुर्चीसकट उचलावे लागते. उचलले जाणे तिला मनापासून नकोसे वाटते. म्हणून ती बाहेर जाण्याचे हळूहळू टाळू लागली, आणि घरच्यांनीही त्याची सवय करून घेतली. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शेजारच्या शहरांना जोडणारी एक वाट आम्ही दोघींनी पाच रविवारी टप्प्याटप्प्याने पूर्ण केली. ज्यांच्या घरी चालू न शकणारे माणूस आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग आहे. मिडलंड रेल्वेची बाथकडे जाणारी शाखा १८६९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये तिच्यावरील प्रवासी गाड्या बंद झाल्या. रूळ निघाल्यावर ओस पडलेल्या त्या पट्ट्यावर, १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये स्थापन झालेल्या सायकलबॅग या गटाने वाट बांधायला घेतली. हाच गट पुढे सस्ट्रान्स या नावाने देशभर ओळखला गेला. १९७९ ते १९८६ या काळात टप्प्याटप्प्याने, आणि बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या श्रमांतून, सुमारे २१ किलोमीटरची ही वाट पूर्ण झाली. ती बहुतेक ठिकाणी साधारण तीन मीटर रुंद आणि डांबरी आहे. पादचारी, व्हीलचेअर वापरणारे आणि सायकलस्वार अशा सर्वांसाठी ती खुली आहे.

ब्रिस्टलच्या टोकाकडून निघाले की लॉरेन्स हिल, ईस्टन, फिशपाँड्स असा दाट वस्तीचा भाग लागतो. वाट घरांच्या परसांमागून आणि पुलांखालून जात राहते, आणि मध्येच एका ठिकाणी नाकावर उभा असलेला विटांचा भला मोठा मासा दिसतो. स्टेपल हिलपर्यंत सलग हलका चढ आहे. तो डोळ्यांना जाणवत नाही, खुर्ची ढकलणाऱ्याच्या मनगटांना मात्र नक्की जाणवतो. चढ संपला की सुमारे पावणेपाचशे मीटर लांबीचा बोगदा येतो. आत दिवे आहेत, पण भिंती पाझरतात आणि भर ऑगस्टातही गारठा असतो. आईने शाल कानांवरून घेतली. खुर्चीची पुढची लहान चाके गुळगुळीत डांबरावर एका लयीत वाजत होती आणि तो आवाज कमानीवर आदळून परत येत होता. आई दिवे मोजत होती. मध्येच तिने मला हात मागे घ्यायला सांगितले, दोन्ही तळवे चाकांच्या कड्यांवर ठेवले आणि बोगद्याचा शेवटचा भाग स्वतः खुर्ची चालवून पार केला. तीन वर्षांत तिने हे प्रथमच केले.

बोगद्यापलीकडे मँगॉट्सफील्डच्या जुन्या स्थानकाचे फलाट आणि खिडक्यांच्या चौकटी अजून उभ्या आहेत. पुढे वॉर्मली आणि ओल्डलँड कॉमन, आणि नंतर बिटन. बिटनच्या स्थानकावर हौशी मंडळी आजही वाफेची इंजिने चालवतात, आणि काही अंतर आपली वाट त्यांच्या रुळांना अगदी लागून जाते. त्यानंतर सॉल्टफर्डवरून बाथपर्यंत नदीकाठचा सपाट प्रदेश आहे. ॲव्हन नदी या टप्प्यात अनेकदा ओलांडावी लागते, पण पूल जुन्या रेल्वेचेच असल्यामुळे कुठेही पायरी नाही.

त्या संध्याकाळी घरी पोहोचल्यावर आई म्हणाली, "आज दिवसभरात मला कुणी उचललं नाही, लक्षात आलं का तुझ्या?"

गोदाकाठ

आपल्या मातोश्रींचा बोगद्यातील प्रसंग मी दोनदा वाचला. मी स्थापत्य अभियंता म्हणून रस्त्यांच्या कामांवर तीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे या वाटेचे मर्म ज्या एका गोष्टीत आहे, तिच्याविषयी लिहितो.

वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी टेकडी आली तर बोगदा खणला, उंचवटा आला तर तो कापला आणि खोलगट जागी मातीचा भराव घातला. आपल्या बोरघाटात ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर एक मीटर चढ आहे, आणि रेल्वेच्या दृष्टीने हा अतिशय तीव्र चढ मानला जातो. साधे मार्ग याहून कितीतरी सौम्य असतात. याउलट इमारतीच्या दारात व्हीलचेअरसाठी जो उतार बांधतात, त्याला आपल्याकडील निकषांनुसार १२ ला १ इतका चढ चालतो, आणि तोही थोड्याच लांबीसाठी, मध्ये विसाव्याचा सपाट भाग ठेवून. याचा अर्थ असा की दीडशे वर्षांपूर्वी कोळसा आणि माल वाहून नेण्यासाठी केलेली आखणी आजच्या व्हीलचेअरच्या निकषांपेक्षाही सौम्य आहे. अशा वाटेचा सर्वांत मोठा खर्च, म्हणजे जमीन सपाट करण्याचा, आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलेला असतो.

आणखी एका उताराकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे आडवा उतार. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून वाटेला कडेच्या बाजूस किंचित कल द्यावा लागतो. तो दोन-अडीच टक्क्यांपलीकडे गेला की खुर्ची सतत एका बाजूला ओढू लागते आणि बसलेल्या माणसाला एकाच हाताने जास्त जोर लावावा लागतो. तासाभरात खांदा भरून येतो. आपल्याकडे प्रत्येक फाटकासमोर मोटार चढवण्यासाठी पदपथ रस्त्याकडे उतरता करतात, त्यामुळे हा आडवा उतार दर दहा-बारा पावलांवर भेटतो. ती वाट मुख्य रस्त्यापासून वेगळी असल्यामुळे हा त्रास मुळातच टळला आहे.

चाफा

सासूबाईंना घेऊन जाण्याचा विचार मनात आला, म्हणून दोन साधे प्रश्न विचारते. वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, आणि बसायला बाक आहेत का? वयस्कर माणसांचा बेत याच दोन गोष्टींवर ठरतो.

अजिंक्यतारा

चाफाताई, बाक आहेत, पण त्यांच्यातील अंतर सारखे नाही. कुठे ते जवळजवळ आहेत, तर कुठे बराच वेळ एकही दिसत नाही. बिटनला स्थानकावर उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. म्हणूनच आमचे पाचपैकी तीन टप्पे बिटनला सुरू झाले किंवा तिथे संपले. स्वच्छतागृहाच्या भीतीने आई पहिल्या रविवारी सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. हे मला दुपारी कळले आणि फार वाईट वाटले. तेव्हापासून मी आधी स्वच्छतागृहाची जागा निश्चित करते, ती आईला सांगते आणि मगच टप्पा ठरवते.

कानोसा

मी पुण्यात राहते आणि पांढरी काठी वापरते. मला फक्त उजेड-अंधार कळतो. आपले वर्णन वाचून आनंद झाला, परंतु "सर्वांसाठी खुली" या शब्दांपाशी मी थांबले. व्हीलचेअरसाठी जे सोयीचे असते, ते अंध व्यक्तीसाठी सोयीचे असतेच असे नाही. पदपथाची कड पूर्ण सपाट केली तर खुर्ची सहज उतरते, पण माझ्या काठीला पदपथ संपून रस्ता सुरू झाल्याचे समजत नाही. त्यासाठी तिथे उठावदार ठिपक्यांच्या फरश्या लागतात. आमच्या भागात अशा फरश्या बसवल्या आहेत, परंतु त्यांची एक रांग मला थेट विजेच्या पेटीवर नेऊन आदळवते.

माझे विचारणे असे आहे की तीन मीटर रुंदीच्या वाटेवर मागून सायकल आली तर ती मला कशी कळणार? सायकल आवाज करत नाही. घंटा वाजली तरी ती डाव्या बाजूने जाणार की उजव्या, हे घंटेवरून समजत नाही, आणि मी दचकून नेमकी चुकीच्या बाजूला सरकते. बोगद्यात तर आवाज चोहोबाजूंनी येत असल्यामुळे दिशा कळणे अधिकच कठीण होत असेल.

अजिंक्यतारा

कानोसाताई, आपण बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. ब्रिस्टलकडच्या टोकाला सकाळी कामावर जाणाऱ्या सायकलस्वारांची मोठी वर्दळ असते आणि त्यांच्यापैकी बरेच जण वेगाने जातात. पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यातील कुरबुरी या वाटेवर नित्याच्या आहेत. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, ज्यांची दृष्टी क्षीण झाली आहे. ते या वाटेवर फक्त रविवारी पहाटे आणि कुणाचा तरी हात धरूनच जातात. म्हणून "सर्वांसाठी" हे माझे शब्द मी मागे घेते. उतार आणि पृष्ठभाग यांच्या बाबतीत ही वाट उत्तम आहे, पण एकट्या अंध व्यक्तीने निर्धास्तपणे चालावे अशी ती आज, निदान शहराच्या बाजूला, नाही. रुंदी वाढवून पादचाऱ्यांसाठी वेगळा, काठीला कळेल असा पट्टा करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, असे मला वाटते.

तरीही लोकांचा या वाटेवर जीव आहे, हे सांगितले पाहिजे. २००८ च्या सुमारास तिच्या काही भागावरून जलद बससेवा नेण्याचा प्रस्ताव आला होता. त्याला इतका विरोध झाला की तो मागे घ्यावा लागला.

कृष्णाकाठ

मी मिरजेचा आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाळीस वर्षे व्हीलचेअर वापरतो आहे. चढ-उतार, रुंदी, बाक या सर्वांविषयी वाचले, परंतु माझा पहिला प्रश्न नेहमी त्याआधीचा असतो : वाटेवर चढायचे कुठून, आणि तिथे काय आडवे घातले आहे?

आमच्या गावातल्या एका बागेत फिरण्यासाठी सुरेख सिमेंटचा मार्ग केला आहे. पण दुचाकी आत शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वारात लोखंडी फिरते फाटक बसवले, ज्यातून एका वेळी एक सडपातळ माणूस जाऊ शकतो. मी चौकशी केली तेव्हा शेजारचे मोठे फाटक उघडून देऊ, रखवालदाराला बोलवा, असे सांगण्यात आले. रखवालदार दुपारी जेवायला जातो. मी पाऊण तास उन्हात बसलो आणि परत आलो. आत शंभर रुपयांचे काम असो की शंभर कोटींचे, माझ्यासाठी ती बाग फाटकाशीच संपली. हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. दुचाकीचा त्रास खरा होता. पण तो थांबवताना माझ्यासारखा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर आला नाही, हे माझे दुःख आहे.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले की सुगमतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, काही किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने पदपथांचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि पदपथ दिव्यांगांना वापरता येतील असे असावेत यावर भर दिला. हे निकाल मी छापून पिशवीत ठेवले आहेत आणि नगरसेवकांपासून अभियंत्यांपर्यंत सर्वांना दाखवत असतो.

ताई, त्या २१ किलोमीटरांत अशी फाटके नाहीत का?

अजिंक्यतारा

कृष्णाकाठदादा, आहेत, आणि मूळ लेखात मी त्यांच्याविषयी लिहायला हवे होते. मुख्य वाटेवर आम्हाला अडचण आली नाही, पण वस्तीतून वाटेवर येण्याच्या एका जागी दोन तिरके लोखंडी खांब वर जवळ आणलेले होते. मोटारसायकल अडवण्यासाठी असे खांब येथे बऱ्याच ठिकाणी घालतात. आईची खुर्ची साधी आणि अरुंद असल्यामुळे आतून कशीबशी गेली, पण तिच्या उजव्या हाताची बोटे कडी आणि खांब यांच्यामध्ये चिमटली आणि नखाखाली रक्त साकळले. विजेवर चालणारी मोठी खुर्ची तिथून गेलीच नसती.

ही समस्या किती मोठी आहे याचा हिशेब स्वतः सस्ट्रान्सनेच मांडला आहे. त्यांनी २०१८ मध्ये देशभरातील आपल्या मार्गजाळ्याची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यात १६ हजारांहून अधिक अडथळे मोजले गेले. ते दूर करण्याचे काम तेव्हापासून सुरू आहे. २०२० च्या सरकारी आराखडा-मार्गदर्शिकेनुसार दोन खांबांमध्ये किमान दीड मीटर मोकळी जागा सोडावी लागते. तेवढ्यातून मोठी खुर्ची निघते, पण मोटार शिरत नाही. मोटारसायकल शिरू शकते, हे खरे आहे. मात्र एका मोटारसायकलस्वाराला रोखण्यासाठी दहा जणांना घरी बसवावे का, हा प्रश्न निदान मोकळेपणाने विचारला जाऊ लागला आहे.

गोदाकाठ

कृष्णाकाठ यांचे म्हणणे अभियंत्याच्या भाषेत सांगायचे तर, मार्गाची सुगमता ही त्याच्या सर्वांत वाईट एका मीटरवरून ठरते. आम्ही मात्र आयुष्यभर किलोमीटर मोजत आलो, आणि देयकेही किलोमीटरवरच काढली.

आपल्याकडेही गावाला गाव जोडणारी, पायी चालणाऱ्यांसाठीची रचना अलीकडे होत आहे, ती म्हणजे पालखी मार्ग. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्यांची पायाभरणी झाली, त्या ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ धरलेले आहेत. वारीत काठी टेकत चालणारे वृद्ध हजारोंनी असतात, आणि तीनचाकीवर बसून जाणारे वारकरीही मी पाहिले आहेत. सासवड ते जेजुरी किंवा लोणंद ते फलटण एवढाच टप्पा घेऊन, कडा कुठे उतरत्या आहेत, छेदरस्ते कसे ओलांडायचे, सावली आणि पाणी कुठे आहे, पदपथावर कोणती दुकाने आली आहेत, हे कुणी व्हीलचेअरवरून स्वतः जाऊन टिपले तर त्याचे मोल कोणत्याही अहवालापेक्षा जास्त असेल. वारी वर्षातून एकदा येते. शेजारच्या गावच्या बाजाराला आणि शाळेला लोक रोज जातात.

बंद रेल्वेमार्गांविषयी मात्र मी सावध आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीच्या रुळांवर अशी वाट करावी, अशी कल्पना कुणाच्याही मनात येऊ शकते. तेथील लोकांना मात्र वाट नको, त्यांची गाडी परत हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे.

रानजाई

मी कार्डिफला राहते. वडील पुढच्या आठवड्यात कोल्हापूरहून येत आहेत. अपघातात त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला असून ते आपली खुर्ची स्वतःच्या हातांनी चालवतात आणि कुणी मागून ढकललेले त्यांना मुळीच आवडत नाही. त्यांच्यासाठी कोणता टप्पा योग्य ठरेल?

अजिंक्यतारा

रानजाई, त्यांना ब्रिस्टलच्या टोकाकडून आणू नका. तो चढ हातांनी चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी दमवेल. बिटनला मोटार लावता येते आणि तिथून वाटेवर येणे सोपे आहे. तिथून सॉल्टफर्डच्या दिशेने निघा. सुरुवातीला शेजारी इंजिनाचे रूळ, मग नदी आणि दोन्ही बाजूंना कुरणे असा तो सपाट भाग आहे. थकवा वाटेल तिथून मागे वळता येते, पुढे जाण्याची सक्ती नाही. वॉर्मलीची बाजू दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. बिटनहून तिकडे जाताना चढ आहे, आणि वॉर्मलीला मोठा रस्ता सिग्नलवर ओलांडावा लागतो. झाडांच्या मुळांनी काही ठिकाणी डांबर उचलले आहे. तिथे पुढची लहान चाके अडकतात, म्हणून अशा जागी खुर्ची किंचित मागे झुकवून पुढे न्यावी, हे काकांना अनुभवाने माहीत असेलच. हातमोजे आणा. पाऊस पडून गेला असेल तर चाकांच्या कड्या ओल्या होऊन हात निसटतात. बाथच्या शेवटच्या भागात रेल्वेमार्ग संपून नदीकाठची जुनी वाट सुरू होते. ती अरुंद आहे, म्हणून तिथे गर्दीच्या वेळी जाऊ नका.

आई आता साताऱ्याला परतली आहे. भावाने दारापुढच्या तीन पायऱ्यांशेजारी उतार बांधायला घेतला आहे. पायऱ्यांची उंची दीड फूट भरली, म्हणजे गोदाकाठकाकांच्या हिशेबाने अठरा फूट लांबी लागते. अंगण बारा फुटांचे आहे, त्यामुळे उतार मध्ये वळवावा लागेल आणि वळणावर खुर्ची फिरेल इतकी सपाट जागा ठेवावी लागेल. काकांनी नकाशा पाहून दिला तर फार उपकार होतील. मी तो आज रात्री त्यांना व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

रानजाई, रविवारी सकाळी दहा वाजता मी बिटनच्या स्थानकावर असेन. काकांना सांगा, मी खुर्चीला हात लावणार नाही.